पॅनेलला अख्खा सर्व्हर हवा असतो

मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे मलकापूर हे कापसाचे, जिनिंगचे आणि बाजार समितीचे गाव. अशा तालुक्याच्या गावात वेबसाइट कोणाला लागते, हे आता कोणी विचारत नाही. शिकवणी वर्गाला निकाल झळकवायचा असतो, पतसंस्थेला ठेवींचे दर आणि वार्षिक सभेची नोटीस लावायची असते, शाळेला प्रवेश अर्ज घ्यायचे असतात आणि जिनिंगवाल्याला परराज्यातल्या गिरणीशी बोलताना स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता हवा असतो. ही कामे एक-दोन माणसांच्या दुकानातून होतात. दुकानदार मोठ्या कंपनीकडून रिसेलर खाते घेतो, त्यात गिऱ्हाइकांची डोमेन टाकतो आणि वर्षाकाठी नूतनीकरणाचे पैसे गोळा करतो. त्याच्या रोजच्या कामाचा पडदा म्हणजे वेब होस्टिंगचे कंट्रोल पॅनेल.

‘नवीन डोमेन’ या एका बटणामागे हे पॅनेल बरेच काही उरकते. लिनक्सवर एक वापरकर्ता तयार होतो, त्याचे फोल्डर बनते, वेब सर्व्हरच्या मांडणीत चार ओळी वाढतात. डीएनएसची नोंद लिहिली जाते, डेटाबेस उघडतो, मेलची पेटी तयार होते आणि लेट्स एन्क्रिप्टकडून कुलुपाचे प्रमाणपत्र येते. बटण दाबणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, दिसू नये म्हणूनच पॅनेल असते. सगळे सुरळीत चालते तोवर हे छान असते. एक दिवस गिऱ्हाइकाचा मेल जाणे बंद होते, तेव्हा मात्र दुकानदाराकडे सपोर्टला तिकीट टाकण्यापलीकडे इलाज उरत नाही.

हे पुस्तक त्या बटणामागे काय चालते ते दाखवते. त्यासाठी निवडलेली वाट थोडी आडवळणाची आहे: पॅनेल सरळ सर्व्हरवर न बसवता लिनक्स कंटेनरच्या आत बसवायचे. कारण असे की पॅनेल बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते, अख्खा सर्व्हर आपला आहे. फायरवॉल आपली, डिस्क आपली, घड्याळ आपले, आयपी पत्ता आपला. कंटेनर त्याला सर्व्हरसारखी दिसणारी, पण अख्खी नसलेली जागा देतो. मग पॅनेल ज्या ज्या गोष्टीवर मुकाट्याने विसंबून होते, ती प्रत्येक गोष्ट एरर होऊन बाहेर येते. त्या एररची यादी नीट वाचली, तर होस्टिंग सर्व्हर कशाकशाचा बनलेला असतो हे कळते.

आधी पॅनेलची कुळकथा. भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, दोन गोष्टी घडल्या. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि अमेरिकेत निक कोस्टन यांनी एका होस्टिंग कंपनीसाठी सी-पॅनेलची पहिली आवृत्ती लिहिली. एका यंत्रावर अनेकांची संकेतस्थळे ठेवायची, पण प्रत्येकाला यंत्राच्या किल्ल्या द्यायच्या नाहीत, ही गरज तेव्हा प्रत्येक होस्टिंगवाल्याला भेडसावत होती. १९९७ साली जेमी कॅमेरॉन यांचे वेबमिन आले. ते होस्टिंगपुरते नव्हते, ब्राउझरमधून सगळी यंत्रणा सांभाळण्यासाठी होते. होस्टिंगचा भाग पुढे व्हर्च्युअलमिनने उचलला. प्लेस्क, डायरेक्टअॅडमिन, आयएसपीकॉन्फिग ही नावे त्यानंतरच्या काही वर्षांतली.

त्याच काळात महाराष्ट्रातही हा धंदा उभा राहिला. तुराखिया बंधूंनी १९९८ साली मुंबईत डायरेक्टी सुरू केली. त्यांच्या रिसेलरक्लबने डोमेन आणि होस्टिंग किरकोळीने विकणाऱ्यांची मोठी फळी तयार केली. नाशिकमध्ये २००५ साली ईएसडीएस उभी राहिली आणि डेटा सेंटर म्हणजे मुंबई-पुण्याचीच मक्तेदारी, हा समज मोडला. गावोगावचा रिसेलर या साखळीचा शेवटचा दुवा आहे. डोमेन विकणे त्याला जमले, पण सर्व्हर चालवण्याची विद्या साखळीच्या वरच्या टोकालाच राहिली.

आज पॅनेलांची ढोबळमानाने तीन घराणी दिसतात. पहिले परवान्याचे: सी-पॅनेल, प्लेस्क, डायरेक्टअॅडमिन. दर महिन्याला पैसे मोजा, त्या बदल्यात सपोर्ट आणि सवयीचा पडदा मिळेल. दुसरे जुन्या मुक्त प्रकल्पांचे: वेबमिन-व्हर्च्युअलमिन, आयएसपीकॉन्फिग, फ्रॉक्सलॉर. यांना रूप फारसे नाही, पण ती फाइलींशी प्रामाणिक आहेत. काय लिहिले, कुठे लिहिले, हे शोधता येते. तिसरे नव्या हलक्या पॅनेलांचे: व्हेस्टापासून फुटून निघालेले हेस्टिया, ओपनलाइटस्पीडवर उभे असलेले सायबरपॅनेल, क्लाउडपॅनेल, एएपॅनेल. एक स्क्रिप्ट उतरवायची, एक आज्ञा द्यायची आणि चहा होईतो पॅनेल तयार. ही सोय फार मोहाची आहे. त्या स्क्रिप्टला आपण रूटचे सगळे अधिकार देतो, याचा विचार मात्र चहा संपल्यावरही कोणी करत नाही.

आता कंटेनर. पुष्कळांची समजूत अशी की कंटेनर म्हणजे डॉकर आणि त्याचा जन्म २०१३ सालचा. प्रत्यक्षात हे मूळ होस्टिंगच्याच धंद्यातले आहे. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘चेंज रूट’ची सोय आली. त्यामुळे एखाद्या प्रोग्रामला फाइलींच्या झाडाची एकच फांदी दाखवता येऊ लागली. कुंपण होते, पण ओलांडता येण्यासारखे. मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० बरोबर ‘जेल’ आले. पूल-हेनिंग कॅम्प यांनी ते लिहिले ते एका होस्टिंग कंपनीच्या मागणीवरून. एकाच यंत्रावरच्या गिऱ्हाइकांना स्वतःचे रूट हवे होते आणि मालकाला ते देऊनही झोप लागायला हवी होती. लिनक्सवर २००१ साली व्हीसर्व्हर आले. त्याच सुमारास एसडब्ल्यूसॉफ्टचे व्हर्चुओझो आले आणि २००५ मध्ये त्याचे मुक्त रूप, ओपनव्हीझेड.

या एसडब्ल्यूसॉफ्टनेच २००३ साली प्लेस्क विकत घेतले. म्हणजे पॅनेल आणि कंटेनर एकेकाळी एकाच घरात नांदत होते. पुढच्या दशकभरात स्वस्तात मिळालेले कित्येक व्हीपीएस हे खरे तर ओपनव्हीझेडचे कंटेनर होते आणि त्यांत सी-पॅनेल किंवा प्लेस्क बसवलेले असे. कंटेनरमध्ये पॅनेल बसवणे ही त्यामुळे हौशी लोकांनी काढलेली नवी टूम नव्हे. हजारो लोक ते वापरत होते, फक्त आपण कंटेनरमध्ये आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता.

ओपनव्हीझेडला वेगळा, दुरुस्त केलेला कर्नल लागे. मूळ लिनक्समध्ये हे सामर्थ्य तुकड्यातुकड्यांनी आले. फाइलव्यवस्थेचे वेगळे दर्शन देणारी नेमस्पेस २००२ साली आली. किती मेमरी, किती प्रोसेसर कोणाला द्यायचा हे ठरवणारे कंट्रोल ग्रुप गूगलच्या अभियंत्यांनी लिहिले आणि जानेवारी २००८ मध्ये ते २.६.२४ या कर्नलमध्ये दाखल झाले. आतला रूट बाहेर सामान्य वापरकर्ता ठरावा, ही किमया करणारी युजर नेमस्पेस फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ मध्ये पूर्णत्वाला आली. हे तुकडे जसजसे येत गेले, तसतसे ते जोडून आधी एलएक्ससी आणि मग डॉकर उभे राहिले.

इथून कंटेनरवाल्यांच्या दोन वाटा झाल्या. डॉकर आणि पॉडमन यांचे म्हणणे, एका कंटेनरमध्ये एकच काम: वेब सर्व्हर वेगळा, डेटाबेस वेगळा, मेल वेगळा. काही बदलायचे तर कंटेनर टाकून द्या आणि नवा उभा करा. एलएक्ससीच्या परंपरेचे म्हणणे, कंटेनर म्हणजे पूर्ण लिनक्स: आत सेवा चालू-बंद करणारी सिस्टमडी, आत लॉग, आत वापरकर्ते, रोजच्या सर्व्हरसारखाच सांभाळायचा. याच परंपरेत कॅनॉनिकलचे एलएक्सडी आले. २०२३ च्या जुलैत कॅनॉनिकलने ते मूळ प्रकल्पातून काढून आपल्या ताब्यात घेतले आणि पुढच्याच महिन्यात त्यातून इन्कस हा समाजाच्या हातातला फाटा निघाला. प्रॉक्समॉक्सनेही २०१५ मध्ये, चौथ्या आवृत्तीत, ओपनव्हीझेड सोडून एलएक्ससी धरले.

पॅनेल कुठल्या वाटेवर बसते? ते वेब, मेल, डीएनएस, डेटाबेस या सगळ्यांना एका छताखाली धरून असते, त्यांना बंद-चालू करायला त्याला सिस्टमडी लागते आणि गिऱ्हाइकांच्या फाइली ते वर्षानुवर्षे जागच्या जागी वाढवत नेते. डॉकरच्या रीतीला यातले काहीच मानवत नाही. ओढूनताणून बसवता येते, पण मग डॉकरची शिस्तही सुटते आणि पॅनेलही लंगडते. म्हणून या पुस्तकाने पूर्ण-लिनक्स कंटेनरची वाट धरली आहे.

या वाटेवरही भांडणे आहेत आणि तीच या विषयाचा गाभा आहेत. काही जवळून पाहू.

डेबियनचा ताजा कंटेनर घेतला, पॅनेलची स्क्रिप्ट चालवली, शेवटी एखादी सेवा उठत नाही. स्थिती विचारली की ‘२२६/नेमस्पेस’ असा आकडा दिसतो. नवखा माणूस त्या सेवेची मांडणी उकरत बसतो. दोष तिथे नसतो. सिस्टमडी अनेक सेवांना सुरक्षिततेसाठी खासगी तात्पुरते फोल्डर देते. त्यासाठी तिला स्वतःची एक छोटी नेमस्पेस बनवावी लागते आणि कंटेनरला नेस्टिंगची, म्हणजे आत आणखी नेमस्पेस बनवण्याची, मुभा दिलेली नसेल तर ती बनत नाही. होस्टवर, म्हणजे कंटेनर ज्या यंत्रावर चालतो त्यावर, एक सेटिंग बदलले की सेवा उठते. पण ती मुभा देणे म्हणजे कुंपणातली एक फट रुंद करणे. ती कोणत्या कंटेनरला द्यायची आणि कोणत्याला नाही, हा निर्णय चालवणाऱ्याचा असतो.

दुसरे भांडण पत्त्याचे. कंटेनरला होस्टच्या ब्रिजवरून ‘१०’ने सुरू होणारा खासगी पत्ता मिळतो. पॅनेल बसताना स्वतःचा पत्ता विचारते, तोच पत्ता खरा मानते आणि प्रत्येक नव्या डोमेनच्या डीएनएस नोंदीत लिहून टाकते. संकेतस्थळ होस्टवरून तपासले तर उघडते, बाहेरच्या कुणालाच उघडत नाही. ऐंशी क्रमांकाचा पोर्ट बाहेरून आतपर्यंत पोहोचत नसेल, तर लेट्स एन्क्रिप्टची तपासणीही अडते आणि प्रमाणपत्र मिळत नाही. सार्वजनिक पत्ता वेगळा आहे हे पॅनेलला सांगावे लागते. हेस्टियासारख्या पॅनेलात त्याची सोय आहे, फक्त ती आहे हे ठाऊक हवे.

तिसरे सगळ्यात बोलके. बाहेरची रहदारी आत आणण्यासाठी होस्टवर रिव्हर्स प्रॉक्सी बसवली, तर पाहुणा अमरावतीचा असो की अॅमस्टरडॅमचा, कंटेनरच्या लॉगमध्ये ब्रिजचा एकच पत्ता उमटतो. आत फेल-टू-बॅन राखण करत असते. कोणी परका चार वेळा चुकीचा पासवर्ड टाकतो, राखणदार ‘त्या’ पत्त्याला बंदी घालतो आणि त्या क्षणी साऱ्या जगाला दार बंद होते. नियम बरोबर आहे, राखणदारही चोख आहे, त्याला मिळालेली माहिती तेवढी खोटी आहे. प्रॉक्सीकडून खरा पत्ता आत पोहोचवायचा, किंवा प्रॉक्सी टाळून कर्नलकडूनच पोर्ट वळवायचे, असे दोन उपाय आहेत. दोन्ही करून पाहिल्याशिवाय नेटवर्क समजले असे म्हणू नये.

बाकीच्या कुरबुरी यांच्याच भाऊबंद. गिऱ्हाइकागणिक डिस्कचा कोटा आतून लावता येत नाही, कारण डिस्क होस्टच्या हातात असते. आतून स्वॅप जोडता येत नाही. फायरवॉलला लागणारे कर्नलचे मॉड्यूल आतून चढवता येत नाही, ते होस्टवर आधीच चढलेले हवे. व्हायरस तपासणारे क्लॅमएव्ही एकटे एक जीबीहून जास्त मेमरी खाते, त्यामुळे लहान कंटेनरमध्ये ते बसवले की डेटाबेस गुदमरतो. या प्रत्येक कुरबुरीचा अर्थ एकच: ही गोष्ट कर्नलची आहे, पॅनेलची नाही. खऱ्या सर्व्हरवर ही सीमारेषा कधी दिसतच नाही.

हे सगळे आताच का शिकायचे? याची तीन कारणे आहेत. पहिले पैशाचे. सी-पॅनेलने २०१९ साली सर्व्हरमागे ठराविक दर सोडून खात्यांच्या संख्येवर आकारणी सुरू केली. शंभर छोटी गिऱ्हाइके सांभाळणाऱ्याचे गणित त्याने बिघडले. बाजारात चोरीचे परवाने सर्रास मिळू लागले, आणि आत काय शिरले आहे हे त्या परवान्यांबरोबर कोणी सांगत नाही. पाठोपाठ सेंटओएस ८ डिसेंबर २०२१ मध्ये आणि सेंटओएस ७ जून २०२४ मध्ये थांबले. एवढ्या पॅनेलांचा पाया असलेली व्यवस्थाच गेली. कंटेनरमध्ये नवी व्यवस्था शेजारी उभी करून, तपासून, मग गिऱ्हाइके हलवणे हे जुन्या सर्व्हरवर थेट हात घालण्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित.

दुसरे कारण हल्ल्यांचे. २०१८ मध्ये व्हेस्टाच्या स्वतःच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि त्यांच्या बसवणुकीच्या स्क्रिप्टमधूनच पासवर्ड बाहेर गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेलमधली भगदाडे उघडी पडताच सुमारे २२,००० सर्व्हर खंडणीखोरांच्या निशाण्यावर आले. पॅनेल कंटेनरमध्ये असते तर हल्ला झाला नसता, असे हे पुस्तक म्हणत नाही. आतला डेटा तेव्हाही गेलाच असता. फरक एवढाच, की नुकसान त्या एका कंटेनरपुरते रोखण्याची संधी असते आणि कालचा स्नॅपशॉट होस्टवर, हल्लेखोराच्या हाताबाहेर असतो. तरीही कर्नल सामायिक आहे, हे विसरता कामा नये. कर्नलमध्येच भोक निघाले तर कंटेनरची भिंत पुरत नाही. तिथे पूर्ण आभासी यंत्रच हवे.

तिसरे कारण कायद्याचे. सायबर सुरक्षेची केंद्रीय संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे आणि घड्याळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायचे. कंटेनर चालवणाऱ्याला यातल्या दोन गोष्टी थेट लागतात. कंटेनर पुसला की आतले लॉग त्याच्यासोबत जातात, म्हणून ते बाहेर साठवायचे. आणि कंटेनरला स्वतःचे घड्याळ नसते, म्हणून वेळ जुळवायची ती होस्टवर. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. शिकवणी वर्गाच्या अर्जातले विद्यार्थ्यांचे फोन नंबर ही आता नुसती एक्सेलची यादी राहिलेली नाही.

मलकापूरसारख्या ठिकाणी हे शिकण्याला आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. घरच्या किंवा मोबाइलच्या जोडणीला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, आणि वीज गेली की सर्व्हर गेला. म्हणून गिऱ्हाइकांचा सर्व्हर गावात ठेवण्याचा आग्रह इथे नाही. तो भाड्याने घ्यावा. पण अभ्यास मात्र जुन्या लॅपटॉपवर होतो. एका यंत्रात चार कंटेनर उभे करायचे, एकात पॅनेल, एकात डीएनएस, एकात मेल, एकातून हल्ला करून पाहायचा. बिघडले तर स्नॅपशॉटवर परत. याला ना मोठे बिल लागते, ना वेगवान इंटरनेट.

गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. याच तालुक्यातल्या नरवेलचे, महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक वि. भि. कोलते यांचे नाव त्याला दिलेले आहे. तिथला किंवा कुठल्याही तंत्रनिकेतनातला विद्यार्थी कर्नल, नेमस्पेस हे शब्द इंग्रजीत पाठ करतो, पेपर लिहितो आणि सुटतो. त्याच गल्लीतला होस्टिंगवाला ते शब्द न ऐकता रोज त्यांच्याशी झगडत असतो. या दोघांना एका टेबलाशी बसवण्याचा हा प्रयत्न आहे. म्हणून भाषा मराठी, आणि जे शब्द दुकानात चालतात तेच इथे. सर्व्हरला ‘सेवक’ म्हणण्याचा हट्ट नाही.

पुस्तकातली उदाहरणे डेबियन, इन्कस आणि हेस्टिया या तिघांवर बेतली आहेत. तिन्ही मुक्त आहेत आणि तिघांच्या फाइली उघडून वाचता येतात, एवढेच त्यांचे पारडे जड असण्याचे कारण. प्रॉक्समॉक्स किंवा व्हर्च्युअलमिन वापरणाऱ्यालाही तीच भांडणे भेटतील, फक्त बटणे वेगळी असतील. हुकूम देऊन उत्तर मिळवण्याची पाककृती इथे नाही. आधी बिघाड, मग लॉग, मग कारण, आणि शेवटी दुरुस्ती, असा क्रम जाणूनबुजून ठेवला आहे. मेलच्या बाबतीत पुस्तक हात आखडता घेते. अनेक क्लाउड कंपन्या पंचवीस क्रमांकाचा बाहेर जाणारा पोर्ट बंद ठेवतात आणि पत्त्याची उलटी नोंद सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या मर्जीवर असते. छोट्या धंद्याने मेल दुसरीकडे सोपवणे पुष्कळदा शहाणपणाचे, आणि तसे स्पष्ट सांगितले आहे.

पुस्तक संपल्यावर वाचक कंटेनरमध्ये पॅनेल बसवू शकेल, ही किमान अपेक्षा. पण खरी कसोटी त्यापुढची आहे. एखादी पतसंस्था समोर येऊन बसली, तर तिला कंटेनर पुरेल, पूर्ण आभासी यंत्र लागेल, की स्वतःचे पॅनेल न चालवता तयार सेवा घेणेच बरे, हे त्याला कारणांसह सांगता यावे. पॅनेल बसवण्याची स्क्रिप्ट कोणीही चालवते. ‘इथे ती चालवू नका’ असे गिऱ्हाइकाला ज्याला सांगता येते, त्याच्या हाती सर्व्हर द्यायला हरकत नाही.

मलकापूर, जि. बुलढाणा